कथलाचं अक्षर

हुसेनमियाँ मुकादमांना चिनी भाषा येते, हे मला कुवेतमध्ये उतरल्यावर पहिल्याच दुपारी कळलं. सांगणारे हुसेनमियाँ स्वतःच होते. मी विचारलं नव्हतं. मी फक्त भात मागितला होता.

त्यांनी हातातला डाव टोपात ठेवला, ओट्यावर सांडलेलं पीठ तळहातानं सारखं केलं आणि बोटानं त्यात एक आकृती काढली. डावीकडे छपरासारख्या दोन उतरत्या रेघा आणि त्याखाली खांब-पट्ट्या. उजवीकडे वर एक चौकोनी खिडकी आणि खाली वाऱ्यानं एका बाजूला झुकल्यासारख्या तिरक्या रेघा.

"ओळख."

"काय आहे?"

"चिनी हाय. कथील. डावी बाजू म्हणजे धातू. सोनं असो, लोखंड असो, चिन्याला डावीकडं हे काढावंच लागतं. उजवी बाजू नंतर सांगतो. आधी धातू, मंग गंमत."

"चाचा, भात."

"भात पळून जात नाय रे बाबा."

मला राग आला. मी मुंबईहून आलो होतो ते गिरणीच्या दारात पत्रकं वाटून, दोनदा नोकरी घालवून, आणि तिसरी कोणी देईना म्हणून. भुकेल्या माणसाला आधी जेवण आणि मग व्याख्यान, एवढं साधं तत्त्व ज्याला कळत नाही तो मेसचा प्रमुख कसा होतो, असं मी शेजारच्या माणसाला मोठ्यानं विचारलं. तो म्हणाला, "उद्यापर्यंत थांब. उद्या उजवी बाजू आहे."

आमची छावणी फिंतासच्या अलीकडे, एगैलाच्या बाजूला होती. तेव्हा त्या भागात वाळू, काही विहिरी, लांबवर समुद्राची एक पट्टी आणि आमच्या शेड, एवढंच. ठेकेदार कंपनी तेलाच्या टाक्यांचे पाये घालत होती. माणसं बहुतेक रत्नागिरी-कुलाब्याची. त्यांतले बरेच कोकणी मुसलमान, बाकी मालवण-सावंतवाडीकडचे, आणि माझ्यासारखे थोडे मुंबईचे उपरे. कंपनीचं कँटीन होतं. त्यातलं जेवण मी इथे वर्णन करत नाही, कारण मला अजून काही वर्षं जगायचं आहे. माणसांनी भांडून स्वतःची मेस मिळवली होती. ही गोष्ट मला फार मोलाची वाटे. आणि त्या मेसच्या मुदपाकखान्यावर हुसेनमियाँ बसले होते.

ते मूळचे दाभोळच्या खाडीतले. तरुणपणी आगबोटीवर भंडारी होते. बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात. पुढे पेनांगला एका बोटीवरून उतरले ते काही वर्षं तिथेच राहिले. कथील वितळवण्याच्या एका कारखान्यात हिंदी पहारेकऱ्यांचं स्वयंपाकघर होतं, ते सांभाळत. कल्हई करायला कथील हवं, आणि बाजारात लबाड लोक शिसं मिसळून विकत. गोदामात वजन करणारा एक म्हातारा चिनी होता, पूर्वी शाळामास्तर होता म्हणे. त्यानं हुसेनमियाँना एका दुपारी कथलाच्या विटेवर चिकटवलेल्या कागदावरचं अक्षर दाखवलं. हे असेल तर घे, नसेल तर शिसं समज. एवढंच सांगायचं होतं त्याला. पण मास्तर तो मास्तरच. एकदा अक्षर दाखवलं की त्याचा इतिहास सांगितल्यावाचून त्याला राहवेना, आणि ऐकणारा हुसेनमियाँसारखा भेटल्यावर तर नाहीच.

त्या एका अक्षरावर हुसेनमियाँनी पुढचं आयुष्य काढलं.

कोणताही विषय काढा, ते तिथे पोचत. कोणी म्हणालं, आज गरम आहे, की ते म्हणत, कथील फार कमी आचेवर वितळतं. कोणी घरच्या आठवणीनं गप्प बसलं, की ते म्हणत, कँटनकडच्या बोलीत या अक्षराचा उच्चार 'सेक', आणि तिकडच्या आया पोराची पापी घेतात तेव्हा त्या लाडालाही 'सेक'च म्हणतात, आणि लिहायचं झालं तर हेच अक्षर लिहितात. "कथलाला पापी! सांग, कुठल्या धातूला एवढी इज्जत हाय?" आणि खरोखर तो गप्प बसलेला माणूस हसे.

एकदा ते म्हणाले, चीनमध्ये एक शहर आहे, त्याचं नावच 'कथील नाही'. लोक सांगतात, तिथल्या डोंगरात पूर्वी कथील होतं तेव्हा मारामाऱ्या होत. कथील संपलं आणि लोक सुखानं झोपू लागले. खरं-खोटं कोण जाणे, तिथलेच पंडित त्यावर वाद घालतात. मी हे ऐकून ताडकन उठलो. आम्ही तेलावर बसलो होतो! मी साम्राज्यवाद, भांडवल, तेल या सगळ्यावर बोललो. हुसेनमियाँ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पन तू एवढा बोललास, आता पापडाला कोन हात लावनार? नरम झाला." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'पत्रक' ठेवलं. "ए पत्रक, मीठ दे." "पत्रक, बस जरा, खाली बसून ओरड."

उजवी बाजू मला दुसऱ्या दिवशी कळली. उजवी बाजू म्हणजे बदल. ती कशाचं चित्र आहे यावर फार जुना वाद. एक पक्ष म्हणतो, तो सरडा, रंग बदलणारा. दुसरा म्हणतो, वर सूर्य, खाली चंद्र. मास्तर सरड्याचा होता. हुसेनमियाँना सरडा पटत नव्हता. "स्वैपाकाच्या भांड्यावर सरडा? माझा जीव मानत नाय. मला दिसतं ते ओतनं. हे भांडं, हे खाली पडनारं पानी." मास्तर म्हणे त्यांच्यावर हसला होता.

आणि त्याहून जुनी एक गोष्ट. चीनच्या जुन्या राजांची काशाची भांडी आहेत, तांब्यात कथील मिसळून ओतलेली. त्यांवर कोरलेलं असतं की राजानं अमक्याला अमुक वस्तू दिली. तो 'दिली' हा शब्द म्हणजे हीच उजवी बाजू. पुढे जुन्या ग्रंथांत तर हे पूर्ण अक्षर, धातूसकट, 'बक्षीस दिलं' या अर्थानं लिहू लागले. हुसेनमियाँ हे सांगताना आवाज खाली आणत. "म्हंजे कथील आनी देनं एकाच घरात राहतात."

मला हे सगळं तेव्हा रिकामटेकडेपणाचं वाटे. राजे देतात म्हणे! आधी लुटतात, मग देतात. मी तसं बोललोही. ते म्हणाले, "मी राजाचं कुठं बोलतोय? मी अक्षराचं बोलतोय."

पण त्या अक्षराचा मेसमध्ये एक रोकडा उपयोग होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. बारशाला आलेल्या वाटीवरसुद्धा ठिपक्या-ठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव असतं. आमच्या मेसचे तांब्याचे टोप मोठे, माणूस आत बसेल एवढे. हुसेनमियाँ त्यावर नाव घालत नसत. टोपाला स्वतःच्या देखरेखीखाली अस्सल कथलाची कल्हई झाली की बाहेरून काठाखाली ते अक्षर कोरून घेत. कल्हई झिजली की अक्षरावर काट मारत आणि टोप उतरवून मागच्या खोलीत टाकत. नवी कल्हई, नवं अक्षर. काही टोपांचे काठ अक्षरांनी आणि काटांनी भरून गेले होते.

कोरायचं काम जुन्या बाजारातला एक तांबट करी. सुरुवातीला तो तयार नव्हता. त्याला वाटलं ही जादूटोण्याची खूण. हुसेनमियाँनी त्याच्या दुकानात बसून, अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी, धातूपासून पापीपर्यंत सगळं सांगितलं. मी बरोबर होतो, पिशव्या धरून. त्या तांबटानं एक अख्खी दुपार गिऱ्हाईक घेतलं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला की आमच्याकडे याला 'कसदीर' म्हणतात. हुसेनमियाँ उडालेच. "कसदीर! कथील! अरे, हे तर चुलतभाऊ!" आणि त्यांनी तांबटाला मिठी मारली. पुढच्या खेपेला तांबट म्हणाला, माझ्या बायकोला हे अक्षर कोरलेली एक वाटी हवी आहे, तिचं डोकं दुखतं. हुसेनमियाँनी निक्षून नकार दिला. "डोकं दुखतं तर डॉक्टर. हे तावीज नाय, विद्या हाय."

विद्या! आपण चिनी भाषेचे जाणकार आहोत असं ते खुशाल सांगत. नव्या माणसाला तर हटकून. "मी चिनी वाचतो." त्यांना एकच अक्षर येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी तोंडावर बोललं नाही. ज्याच्या हातचं दोन वेळ जेवायचं, त्याला एवढी एक बढाई परवडते.

मग ते साल आलं. चीनशी लढाई सुरू झाली.

ती सुरू होण्याच्या थोडंच आधी हुसेनमियाँ फार आनंदात होते. तेलाच्या बंदराला हाँगकाँगच्या माणसांची एक टँकर-बोट लागली होती. हुसेनमियाँ तिथे मेससाठी आलेला मसाला घ्यायला गेले आणि तिचा एक तरुण स्टुअर्ड त्यांना धक्क्यावर भेटला. दोघांना बाजारू मलायी येत होती. हुसेनमियाँनी अर्थातच लगेच धुळीत अक्षर काढलं. तो पोरगा कॉलेज सोडून बोटीवर आलेला. त्यानं सांगितलं की चीनच्या पंडितांनी अलीकडे जुन्या भांड्यांवरचे लेख पुन्हा तपासले आहेत, आणि आता एक मोठा पक्ष म्हणतो की उजवी बाजू म्हणजे सरडा नाही, सूर्य-चंद्रही नाही. ते ओतणं आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं जाणारं पाणी.

हुसेनमियाँ धक्क्यावर नाचले. खरोखर नाचले. स्टुअर्डचे दोन्ही हात धरून. परत आल्यावर सगळ्यांना शिरा केला. "मास्तर हसला होता माझ्यावर! आता कबरीत बसला असेल डोकं खाजवत!"

हे नाचणं सावंतांनी पाहिलं होतं.

गोविंद सावंत आमच्या छावणीचे स्टोअरकीपर. मालवणकडचे, पूर्वी पलटणीत होते. सरळ माणूस, पण तापट. त्यांचा पुतण्या फौजेत होता आणि तिकडे सरहद्दीवर गेला होता. त्याची काही खबर नव्हती. संध्याकाळी सगळे रेडिओभोवती बसत. बातम्या वाईट होत्या, आणि सावंतांचा चेहरा रोज थोडा अधिक बसत चालला होता.

शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी जेवणाच्या शेडमध्ये ते उभे राहिले.

"माझो पुतण्यो थय बर्फात उभो आसा. जिवंत आसा काय नाय, माका ठावक नाय. आणि हय आमी चिनी अक्षर कोरलेल्या टोपातला खातव! मी माझ्या डोळ्यांनी बघलंय, ह्यो माणूस धक्क्यार चिन्याचे हात धरून नाचत होतो. कित्या नाचत होतो? विचारा त्येका!"

"ओतन्यासाठी," हुसेनमियाँ म्हणाले.

"काय?"

"उजवी बाजू ओतनं निघाली, म्हनून नाचलो."

मागून कोणीतरी म्हणालं, "त्यात मियाँ. विचारायलाच नको."

मी बाकावर चढलो. मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, पण लिहीत नाही. शिव्या पत्रकात चालत नाहीत. ज्याचं मीठ वर्षानुवर्षं खाल्लं त्याच्याकडे एका दिवसात देशाचा दाखला मागणारे हे लोक! हुसेनमियाँनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. "पत्रक, बस. त्याच्या घरचा पोरगा हरवलाय. तू कशाला वर चढतोस?"

मग ते सावंतांना म्हणाले, "अक्षर पुसायला माझी ना नाय. पन पुसलं तर कळनार कसं, कुठल्या टोपाला कल्हई हाय आनी कुठल्याला नाय?"

"दुसरी खूण करा," मीच म्हणालो. "मराठी 'क' काढा. वाद मिटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेला मी तेवढाच एकदा पाहिला. "त्या म्हाताऱ्यानं मला हे फुकट दिलं. मी कोन होतो त्याचा? परमुलखातला भंडारी. कुनाची कुनाशी लढाई झाली म्हनून दिलेली वस्तू मी फेकू? नाय जमनार."

"मग तुमी जावा," सावंत म्हणाले.

त्याच दिवशी सावंतांनी छावणीच्या सुरक्षा साहेबाकडे तोंडी तक्रार केली, की हा माणूस चिनी वाचतो आणि चिन्यांना सामील आहे. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. असल्या संशयात कंपनी चौकशीची दगदग करत नसे. पुढच्या आगबोटीवर बसवून मुंबईला रवाना. आणि अशा काळात असा शिक्का घेऊन मुंबईला उतरणाऱ्या दाभोळच्या मुसलमानाचं काय होईल, हे मला तरी सांगायला नको होतं. गावी त्यांची आजारी बायको होती आणि लग्नाच्या दोन मुली. सगळं या चुलीवर चाललं होतं.

हुसेनमियाँनी चुलीवरची कढई उतरवली, हात धुतले आणि जलीब अल शुयूखला एका गाववाल्याचं दुकान होतं तिथे ते जाऊन बसले. साहेबाचं बोलावणं येईपर्यंत.

मेस सावंतांच्या हातात आली. त्यांनी अक्षराचे सगळे टोप शेडच्या मागे वाळूत पालथे घातले. मागच्या खोलीतून बिनअक्षराचे आणि काट मारलेले टोप काढले, राखेनं घासून लख्ख केले. आतून तांबूस दिसत होते. सावंत म्हणाले, "बघा, कसे चमकतत." सकाळीच आमसुलाची आमटी केली आणि ती त्याच टोपात दुपारपर्यंत राहिली.

कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या घरची कोणतीही बाई सांगेल. पण त्या छावणीत घरची बाई नव्हती. होते ते सगळे बाप्ये, ज्यांनी आजवर फक्त पानावर बसून आमटी ओरपली होती.

पहिला घास घेतल्यावर मी म्हणालो, "जरा जिभेला धातू लागतोय." कोणी लक्ष दिलं नाही. सावंतांनी तर दोनदा घेतली, बहुतेक हट्टानं. उन्हं कलायच्या आत सगळी छावणी शेडच्या मागे वाकलेली होती. वाकलेली कुठे, तर त्या पालथ्या टोपांशेजारी. सावंतांची अवस्था सगळ्यात वाईट. कंपाउंडरनं औषध दिलं, म्हणाला, मरत नाही कोणी, पण पुन्हा त्या भांड्यातलं खाऊ नका.

ट्रक ड्रायव्हर जलीबला जाऊन हुसेनमियाँना घेऊन आला. कोणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून गेला. हुसेनमियाँ उतरले, टोपाजवळ गेले, आमटी बोटाला लावून जिभेला टेकवली, थुंकले, आणि टोप वाळूत उलटा केला. सरळ शेडच्या मागे जाऊन एक पालथा टोप उचलला, धुतला आणि चुलीवर पेज ठेवली.

पहिला वाडगा त्यांनी सावंतांकडे नेला. सावंत खाटेवर पडून होते.

"ह्यात काय घातलंस?"

"तांदूळ, पानी, मीठ. तिघंही हिंदुस्थानी."

सावंतांनी तोंड भिंतीकडे केलं. वाडगा मात्र घेतला.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. हुसेनमियाँ चुलीवर परत होते, पण छावणी घाबरलेली. वाढायला टोप आला की आधी प्रत्येक जण काठाखाली वाकून अक्षर पाही. नुसतं अक्षर नव्हे, त्यावर काट तर नाही ना. "हां, खिडकी आहे, तिरक्या रेघा आहेत, वाढा." जी माणसं स्वतःची सही अंगठ्यानं करत, ती चिनी अक्षर तपासू लागली. सर्वांत जास्त वाकून पाहत ते सावंत.

पण तक्रार झाली ती झाली होती. बोलावणं आलंच. आगबोट त्याच आठवड्यात लागणार होती.

मी ऑफिसात टंकलेखक होतो, म्हणून दुभाष्या म्हणून मला उभं केलं. मी मनात भाषण तयार केलं होतं. आदल्या दिवशी एक पत्रकही लिहिलं होतं, 'कामगार बंधूंनो, सावधान!' हुसेनमियाँना वाचून दाखवलं. ते म्हणाले होते, "चांगलं हाय. मीठ जास्त झालंय." आणि घडी करून चुलीत घातलं होतं.

साहेब इंग्रज होता. थकलेला, आम्हां सगळ्यांनाच कंटाळलेला. तक्रारदार म्हणून सावंत बाजूला उभे होते, अजून पोट धरून. साहेबानं विचारलं, "हा माणूस चिनी वाचतो म्हणे. खरं आहे?"

मी घाईनं म्हणालो, "चाचा, नाही म्हणा."

हुसेनमियाँ ताठ झाले. "नाय कसं म्हनू? सगळ्या कुवेतला ठाऊक हाय. हो म्हन."

मी साहेबाला सांगितलं की तो विचार करतो आहे. साहेबाला मराठी येत नव्हती, पण 'हो' कळत होतं. त्यानं कपाटावरून चहाचा एक डबा काढला. सिंगापूरचा असावा, लाल, चारी बाजूंनी चिनी अक्षरांनी भरलेला. तो टेबलावर ठेवला.

"वाच म्हणावं."

त्या खोलीत पंखा फिरत होता, त्याचा आवाज मला एकदम ऐकू येऊ लागला. हे वाचलं तर उद्या आगबोट. नाही वाचलं तर आयुष्यभराची बढाई गेली, तीही सावंतांसमोर. हुसेनमियाँनी डबा हातात घेतला. एक बाजू पाहिली. फिरवला. दुसरी पाहिली. झाकणाखालीही पाहिलं. ते वाचत नव्हते हे मला दिसत होतं. ते शोधत होते.

शेवटी त्यांनी डबा खाली ठेवला.

"ह्यात कथील नाय," ते म्हणाले.

मी भाषांतर केलं. साहेब म्हणाला, "मी विचारतोय काय लिहिलंय."

हुसेनमियाँ टेबलापासून मागे सरले. मग इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "सांग त्याला, मला एकच येतं. बाकी सगळा चीन मला बंद हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझं भाषण तसंच राहिलं. साहेब संशयानं पाहत होता. एकच अक्षर कोणाला येतं? एकच अक्षर कोण भांड्यांवर कोरतं? तो तसं म्हणालाही.

तेव्हा सावंत पुढे आले. त्यांनी टेबलावरची पेन्सिल न विचारता उचलली आणि साहेबाच्या समोरच्या कोऱ्या कागदावर अक्षर काढलं. मोठं, वाकडं, छप्पर एका बाजूला कललेलं. पण एकही रेघ चुकली नाही.

"साहेब," ते त्यांच्या पलटणीतल्या इंग्रजीत म्हणाले, "धिस मीन्स गुड पॉट. आय नो धिस. ऑल कॅम्प नो धिस. आय ऑल्सो चायनीज?"

साहेबानं कागदाकडे पाहिलं. मग सावंतांकडे. मग माझ्याकडे, जणू या सगळ्याला मी जबाबदार आहे. त्यानं डबा उचलून पुन्हा कपाटावर ठेवला आणि आम्हां तिघांना दार दाखवलं. स्वयंपाक करा म्हणाला, आणि माझ्या दारात पुन्हा दिसू नका.

बाहेर ऊन मरणाचं होतं. मी भिंतीला टेकलो. मला मोठ्यानं हसू येत होतं. हुसेनमियाँ मात्र हसत नव्हते. ते सावंतांना म्हणत होते, "छप्पर वाकडं काढलंस."

"मगे? पोटात कळ येता हा माझ्या."

"डावी बाजू आधी सरळ काढायची. आधी धातू."

"बरा बरा. एक येता म्हणून इतको माज नको."

हुसेनमियाँ थांबले. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. पण ते म्हणाले, "एकच येतं, पन पक्कं येतं का नाय?"

"तां पक्कां येता," सावंत म्हणाले, आणि दोघं जेवणाच्या शेडकडे चालू लागले. पुतण्याची खबर त्यानंतर काही आठवड्यांनी आली. पायाची बोटं गेली होती, पण जीव शाबूत होता. त्या दिवशी सावंतांनी रेडिओ बंद केला आणि ते शेडच्या पायरीवर बसून मोकळेपणानं रडले. हुसेनमियाँ शेजारी बसून कांदे चिरत होते. कोण कशानं रडतंय हे बघायला कोणी थांबलं नाही.

मी पुढे दोन-तीन वर्षं तिथे होतो. मग माझंच कंपनीशी बिनसलं, पगारी रजेवरून. यावेळी कारण खरं होतं आणि पत्रकही माझंच होतं. कोणी मला हाकललं नाही, मीच राजीनामा तोंडावर फेकला. निघायच्या दिवशी भर दुपारी निरोप घ्यायला मेसमध्ये गेलो. चुली विझलेल्या होत्या. मागच्या सावलीत खाटेवर हुसेनमियाँ झोपले होते, टोपी तोंडावर, एक हात खाली लोंबकळत. सावंत जवळच स्टुलावर बसून वर्तमानपत्रानं माश्या वारत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"निजांदे. सकाळधरनं तो धा जणांका कायतरी शिकवत होतो. दमलो हा."

मी म्हणालो, "माझी बोट आहे."

"तुझी आसा ना?" सावंत म्हणाले. "मगे तू जा."

मी गेलो. शेडच्या कोपऱ्यावरून वळून पाहिलं. हुसेनमियाँ कुशीवर वळले होते आणि चांगले घोरत होते.